बोट लागते का, फोन लागतो का? मुंबई-लक्षद्वीप क्रूझचा आमचा अनुभव

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला जाऊन आलो. मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. चार रात्री, त्यातले दोन दिवस नुसता समुद्र. परत आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, लग्नाकार्यात जो भेटतो तो दोनच गोष्टी विचारतो, बोट लागते का आणि फोन लागतो का. जेवण कसं होतं, शो कसे होते हे सगळं नंतर. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकते. जहाजाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या दोन गोष्टी कुठल्याही जहाजावर थोड्याफार फरकाने अशाच असणार, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला आधी नेमकं हेच कुणी सांगत नाही.

आम्हालाही नाही सांगितलं. ज्या एजंटकडून बुकिंग केलं त्याने दोन्ही प्रश्नांना एका दमात उत्तर दिलं, मॅडम एवढं मोठं जहाज आहे काहीच हलत नाही, आणि नेट तर सगळीकडे आहे. दोन्ही खोटं. जहाज हलतं. आणि नेट सगळीकडे नाही. हे आधी कळलं असतं तरी आम्ही गेलोच असतो, पण तयारीने गेलो असतो, माझा राग त्याबद्दल आहे.

आधी सासूबाईंचं सांगते, कारण सगळ्यात जास्त काळजी त्यांची होती. त्या देवगडकडच्या, वय ७१. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत कोकण बोटीने यायच्या-जायच्या, भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरं घेत बोट पुढे मालवण, वेंगुर्ला, पणजीपर्यंत. त्या सांगतात की बंदराला बोट लागायचीच नाही, बाहेर उभी राहायची आणि पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरून किनाऱ्यावर जायचं, आणि डेकवर वळकट्या टाकून झोपलेल्या माणसांपैकी निम्म्यांना बोट लागलेली असायची. त्यात घरात रामदास बोटीची गोष्ट ऐकत वाढलेल्या. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० च्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, मुंबईत बातमी कळायलाच कित्येक तास गेले. म्हणजे बघा, त्यांच्या मनात बोटीची भीती म्हणजे नुसती बुडण्याची नाही, बुडालो तरी कुणाला कळणार नाही ही आहे. आणि मला वाटतं आपण सगळेच जे फोन लागतो का फोन लागतो का म्हणून विचारतो ना, त्याच्या तळाशी पण तेच आहे.

तर निघायचा दिवस. बॅलार्ड पिअरला दुपारी पोचलो, सामान दिलं, आयडी तपासले, लक्षद्वीपसाठी परमिट लागतं त्याचे कागद आधीच दिलेले होते, आणि आत गेलो. पहिल्या दीड तासात सेफ्टी ड्रिल, सात छोटे भोंगे आणि एक लांब, तो वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. बरेच लोक तिथे सेल्फी काढत होते. सासूबाई मात्र एकेक शब्द ऐकत होत्या, लाइफ जॅकेट कुठे ठेवलंय ते दोनदा विचारून घेतलं, आणि मला म्हणाल्या, अगं हे आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही. तिथून त्या जरा सैल झाल्या.

संध्याकाळी जहाज सुटलं. खरं सांगते, सुटलेलं कळलंच नाही, मुलगा ओरडला की बिल्डिंगा सरकतायत तेव्हा कळलं. बंदरातून बाहेर पडेपर्यंत पाणी तसं शांतच, कुलाब्याचं टोक गेलं, प्राँग्ज दीपगृह मागे पडलं, अंधार पडत होता, पलीकडे अलिबागच्या बाजूचे दिवे. फोनला नेटवर्क छान. सगळी पब्लिक वरच्या डेकवर व्हिडिओ कॉलवर होती, आई हे बघ, बाबा ते बघा. मग एकेकाचा कॉल तुटायला लागला. आमचा सिग्नल जेवायला बसलो तेव्हा, म्हणजे साधारण आठ-सव्वाआठला गेला, तो पुढे लक्षद्वीपलाच आला. किनाऱ्यावरचा टॉवर समुद्रात फार लांब पोचत नाही, वीस-पंचवीस किलोमीटर म्हणजे नशीब, आणि जहाज तेवढं अंतर तासाभरात कापतं.

आता इथे पहिली महत्त्वाची गोष्ट, आणि ही मी अगदी हात जोडून सांगते. सिग्नल जायच्या आधीच फोन एअरप्लेन मोडवर टाका. का, तर किनाऱ्याचं नेटवर्क गेलं की बऱ्याच जहाजांवर जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क चालू होतं, सॅटेलाइटवरून चालणारं. फोनला काय कळतंय, त्याला दांड्या दिसल्या की तो जाऊन चिकटतो. आणि आपला नेहमीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक असतो ना, तो देशांसाठी असतो, जहाज म्हणजे कुठलाच देश नाही, त्यामुळे तो सहसा लागू होत नाही आणि जे बिल लागतं ते मिनिटाला आणि एमबीला वेगळ्याच दराने. नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून क्रूझला गेले होते, पोस्टपेड नंबर, रोमिंग चालू, फोन हातात पण घेतला नव्हता म्हणे, खिशातल्या खिशात रात्रभर फोटोंचा बॅकअप होत राहिला आणि घरी आल्यावर पाच आकडी बिल. प्रीपेडवाल्यांना एवढा धोका नाही, बॅलन्स संपला की संपलं. पण पोस्टपेडवाल्यांनी डेटा रोमिंग तर बंद करायचंच आणि वर एअरप्लेन मोड पण. काही कंपन्या जहाजासाठी वेगळा पॅक देतात, तो हवा असेल तर घरून निघायच्या आधी कस्टमर केअरला फोन करून आपलं जहाज त्यांच्या यादीत आहे का ते नाव घेऊन विचारा, नुसतं क्रूझला चालतो का असं विचारू नका.

एअरप्लेन मोड टाकून वरून वायफाय चालू करता येतं हे आमच्या सासूबाईंनाच काय, माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. तर ते करता येतं, आणि जहाजावरचं वायफाय तसंच वापरायचं. आम्ही एकाच फोनसाठी पॅक घेतला, फक्त जातानाच्या पूर्ण समुद्राच्या दिवसासाठी. आमच्या घरच्या महिन्याभराच्या ब्रॉडबँडपेक्षा तो एका दिवसाचा पॅक महाग होता. व्हॉट्सअॅप मेसेज जातात, फोटो हळूहळू जातात, कॉल लागला तर आवाज उशिरा पोचतो, आपण हॅलो म्हणतो, ते हॅलो म्हणतात, दोघं एकदम बोलतो, दोघं एकदम थांबतो. जुन्या पद्धतीचे सॅटेलाइट जवळपास ३६ हजार किलोमीटर वर असतात, आवाज तिथपर्यंत जाऊन परत खाली यायचा म्हणजे एवढा उशीर होणारच, त्यात जहाजाची काय चूक. परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ पासून जवळच्या कक्षेतले, साडेपाचशे किलोमीटरवरचे स्टारलिंकचे सॅटेलाइट घ्यायला सुरुवात केली, तिथे म्हणे व्हिडिओ कॉल पण नीट होतो. आमच्या जहाजावर तसं काही नव्हतं, आणि मीटिंगा आहेत, ऑफिसचं काम जहाजावरून करीन असं ठरवून कुणी जाणार असेल तर प्लीज तसं करू नका. आमच्या शेजारच्या टेबलवरचा एक मुलगा पूर्ण दिवस लॅपटॉप घेऊन वायफायची जागा शोधत फिरत होता, त्याच्या बायकोचा चेहरा मला अजून आठवतो.

ओटीपीचं पण लक्षात ठेवा. हा त्रास आम्हाला प्रत्यक्ष झाला. जातानाच्या त्याच समुद्राच्या दिवशी मुलाच्या क्लासची फी भरायची शेवटची तारीख होती, वायफाय होतं, बँकेचं ॲप उघडलं, सगळं भरलं आणि ओटीपी एसएमएसवर. एसएमएसला मोबाइलचं नेटवर्क लागतं, ते नाही. झालं, बसलो. शेवटी नणंदेला मेसेज करून तिच्याकडून भरून घेतली. तर बिलं, हप्ते, परतीच्या ट्रेनची तिकिटं, जे काय ओटीपीवर अडतं ते निघायच्या आधी उरका. जहाजावरचा खर्च तिथल्या कार्डवर जातो, त्याला फोन लागत नाही, ते सोपं आहे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे घरच्यांना आधी सांगून ठेवा. आम्ही नणंदेला सांगितलं होतं की फोन लागणार नाही, पण कधीपासून कधीपर्यंत ते सांगितलं नव्हतं, ही आमची चूक. ती बिचारी मरीनट्रॅफिकवर, म्हणजे जहाजं कुठे आहेत ते नकाशावर दाखवणाऱ्या वेबसाइटवर, जहाजाचा ठिपका बघत बसली होती. पहिल्या रात्री ठिपका छान कोकण किनाऱ्याने खाली सरकत होता आणि सकाळी बघते तर ठिपका रात्री होता तिथेच, शेवटचं लोकेशन काही तासांपूर्वीचं. तिचा जीव टांगणीला लागला. फोन लावला, बंद. परत लावला, बंद. त्याचं कारण एवढंच की फुकटात दिसतो तो ठिपका किनाऱ्यावरच्या रिसीव्हरला जहाजाचा सिग्नल मिळतो तोवरच दिसतो, जहाज खोल समुद्रात गेलं की सॅटेलाइटवरून दिसतं पण ते पैसे भरणाऱ्यांना. जहाज कुठे जात नाही, त्याचा कप्तान, कोस्ट गार्ड, कंपनी सगळ्यांना ते कुठे आहे ते माहीत असतं, आणि आज एवढ्या मोठ्या जहाजावर रेडिओ, सॅटेलाइट सगळं सक्तीचंच आहे. पण पनवेलला एकटी बसलेली बहीण हे कुठून जाणणार. सकाळी अकराला आम्ही वायफाय घेतलं तेव्हा तिचे सतरा मेसेज एकदम आले, आणि शेवटचा नुसता, दादा. मला फार वाईट वाटलं. म्हणून आता जो विचारेल त्याला सांगते, एका कागदावर लिहून द्या, सोमवारी रात्री आठपासून बुधवारी सकाळपर्यंत फोन बंद, बुधवारी दिवसा थोडा लागेल, मग परत शुक्रवारी पहाटेपर्यंत बंद, आणि खाली कंपनीचा किनाऱ्यावरचा इमर्जन्सी नंबर, जहाजाचं नाव, आपला केबिन नंबर. फ्रिजवर लावून ठेवायला सांगा.

आता बोट लागण्याकडे येते.

एजंट म्हणत होता वरच्या डेकवरची, पुढच्या बाजूची बाल्कनी घ्या, व्ह्यू भारी. सासूबाईच म्हणाल्या, नको, मधली बघ, बोटीत मधेच बसायचं असतं. मी तेव्हा त्यांच्या समाधानासाठी हो म्हटलं, पण ते अगदी बरोबर निघालं. लहान मुलांची सी-सॉ असते ना, टोकाला बसलेला किती वर-खाली होतो आणि मधल्या दांड्याजवळचा किती कमी, जहाजाचं तसंच. नाक आणि शेपूट सगळ्यात जास्त वर-खाली होतात, त्याला पिचिंग म्हणतात. आणि आडवं डोलणं म्हणजे रोलिंग, ते जितकं वर जाल तितकं जास्त. त्यामुळे खालचा डेक आणि मधोमध, ही जागा सगळ्यात शांत, आणि गंमत म्हणजे ती स्वस्त पण असते. आमच्या दोन्ही केबिन खालच्या बाजूला, लिफ्टपासून जवळ. पहिली रात्र गाढ झोपलो, पाळण्यात झोपवल्यासारखं. वर पुढच्या बाजूला खोली असलेले एक काका-काकू नाश्त्याला भेटले, ते म्हणाले रात्रभर हँगर कपाटावर आपटत होते.

जहाजाला पोटाखाली दोन्ही बाजूंना माशासारखे पंख असतात, स्टॅबिलायझर, ते पाण्यात बाहेर काढतात आणि डोलणं बरंच कमी होतं. पण ते आडवं डोलणं कमी करतात, पुढचं-मागचं वर-खाली नाही करू शकत, आणि जहाज चालत असतानाच त्यांचा नीट उपयोग, उभं राहिलं की नाही. हे आम्हाला तिथल्या एका रत्नागिरीच्या क्रू मेंबरने सांगितलं, मराठी ऐकून स्वतःहून बोलायला आला होता. त्यानेच आणखी एक सांगितलं जे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, की या दिवसांत वारा उत्तरेकडून, वायव्येकडून असतो, त्यामुळे खाली लक्षद्वीपला जाताना लाटा मागून येतात आणि जहाज मऊ जातं, येताना तोंडावर घ्याव्या लागतात. जातानाचा दिवस बघून परतीचा अंदाज बांधू नका ताई, म्हणाला. आणि तसंच झालं. परतीच्या दिवशी दुपारनंतर चांगलंच जाणवत होतं, कॉरिडॉरमध्ये चालताना जमीन पावलाखालून जराशी खाली जाते मग वर येते, चढावर चालतोय की उतारावर कळत नाही. स्विमिंग पूलमधलं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे असं जात होतं की मुलं खूश आणि त्यांच्या आया घाबरलेल्या. लिफ्टजवळ कर्मचाऱ्यांनी कागदी पिशव्या लावून ठेवल्या. भीती वाटावी असं काही नव्हतं, जेवणं चालू होती, शो चालू होता, पण हलत नाही असं म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

आणि बोट लागली कुणाला, तर ना सासूबाईंना ना मला. मुलाला. आणि त्याचं कारण फोन.

नेट नाही म्हणून त्याने घरूनच सिरीजचे भाग डाऊनलोड करून आणले होते. परतीच्या दिवशी दुपारी केबिनमध्ये, आमची आतली केबिन, खिडकी नाही, उशीला टेकून मान खाली घालून दोन तास बघत बसला. मग म्हणाला डोकं दुखतंय, मग घाम, चेहरा पांढरा, मग उलटी. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, तिला कळत असतं की आपण वर-खाली होतोय, आणि डोळ्यांसमोर स्क्रीन एकदम स्थिर, ते सांगतात काही हलत नाहीये. दोघांचं जुळत नाही आणि मेंदू गोंधळतो. घाटात गाडीत मोबाइल बघितला की जे होतं तेच. पुस्तक वाचून पण होतं, शांपू करताना डोळे मिटून उभं राहिलं तरी मला पाच सेकंद गरगरलं, मग मी एक हात भिंतीला लावूनच आंघोळ उरकली.

सासूबाईंनी त्याला हाताला धरून उठवलं. तो नको म्हणत होता, झोपतो म्हणत होता. त्या म्हणाल्या झोपायचं नंतर, आधी वर चल, वारा घे. मधल्या डेकवर उघड्यावर नेऊन कठड्यापाशी खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, पाण्याकडे नाही बघायचं, लाटांकडे नाही, तिकडे लांब जिथे आभाळ टेकलंय ना त्या रेषेकडे बघ. वीस मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी पिशवीतून आलेपाकाची वडी काढून दिली, वेटरने हिरवं सफरचंद आणून दिलं, जहाजावर हे म्हणे नेहमी देतात, आणि थोड्या वेळाने कोरडे टोस्ट. मी त्या वेळी नुसती बघत उभी होते. डॉक्टरांनी जी माहिती दिली, मी इंटरनेटवर जे वाचलं, ते सगळं या बाईने सहा-सात वर्षांची असताना कोकण बोटीच्या डेकवर शिकून ठेवलं होतं.

गोळ्यांबद्दल. आमच्या डॉक्टरांनी प्रवासाच्या ठरलेल्या गोळ्या दिल्या होत्या, आपल्याकडे अॅव्होमिन आणि स्टुजेरॉन लोकांना माहीत असतात. दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, ती गोळी आधी घ्यायची, तास-दोन तास आधी, उलटी सुरू झाल्यावर घेऊन ती पोटात राहतच नाही. दोन, झोप येते, म्हाताऱ्या माणसांना तर जास्त, आणि काचबिंदू, प्रोस्टेट वगैरे असेल किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. सासूबाईंची बीपीची गोळी चालू आहे म्हणून आम्ही विचारलं, डॉक्टरांनी त्यांना अर्ध्या डोसवर ठेवलं आणि रात्रीच घ्यायला सांगितली. आम्ही मोठ्यांनी पहिल्या रात्री घेतली, नंतर लागली नाही. मुलाला दिलीच नव्हती, त्याला गाडी लागत नाही म्हणून. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे पैसे वेगळे. रिकाम्या पोटी राहणं हा मात्र मोठा गैरसमज आहे, काही खाल्लं नाही तर उलटी होणार नाही असं वाटतं, उलट रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. थोडं थोडं, कोरडं, कमी तेलकट खात राहायचं. बुफेवर मात्र कमी तेलकट शोधावं लागतं हे पण खरं.

आणि हो, सगळ्यात जास्त हललं ते जहाजावर नाहीच. बुधवारी सकाळी अगत्तीला पोचलो, मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात थांबतं आणि तिथून छोट्या बोटींनी बेटावर नेतात. त्या बोटीत चढताना एका क्षणी बोट दाराच्या पातळीला आणि पुढच्या क्षणी हातभर खाली, कर्मचारी दोन्ही दंडांना धरून आता म्हणाला की पाऊल टाकायचं. गुडघेदुखी असलेल्या माणसांनी याचा विचार आधी करा, जहाजाचा नाही याचा. दोन बायका दारातूनच परत फिरल्या. सासूबाई मात्र त्याने आता म्हणायच्या आत उतरल्या, आमचा पडाव असाच होता म्हणाल्या. दहा मिनिटं जोरात हलतं, मग बोट लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, शिरली की पाणी एकदम काचेसारखं. वारा जास्त असेल तर हे उतरणं रद्दही करतात, त्या वेळी भांडू नका, लोक भांडतात.

अगत्तीला फोन लागला. २०२४ च्या जानेवारीत कोचीहून लक्षद्वीपपर्यंत समुद्राखालून टाकलेली फायबर केबल सुरू झाली, तेव्हापासून तिथलं नेट बरंच सुधारलं असं तिथला दुकानदार सांगत होता. नवऱ्याचं सिम चाललं, माझं नाही, म्हणजे घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतील तर दोन्ही घेऊन जा. नणंदेला व्हिडिओ कॉल केला, सासूबाईंनी तिला आधी समुद्र दाखवला मग स्वतःचे पाय दाखवले, पाण्यात उभे.

जहाजाच्या आत एकमेकांना शोधायचं कसं हा एक वेगळाच प्रश्न, फोन लावायची सवय एवढी की पहिल्या दिवशी मी तीनदा मुलाला फोन लावायला गेले. केबिनमधला फोन दुसऱ्या केबिनला लागतो, नुसता खोलीचा नंबर फिरवायचा. बाकी आम्ही जुन्या पद्धतीने ठरवलं, एक वाजता तिसऱ्या डेकच्या जिन्यापाशी, सहाला वरच्या डेकवर डाव्या बाजूला. मनगटावर घड्याळ न्या. खरंच न्या, आमच्याकडे सासूबाईंचं एकच होतं. जीपीएस मात्र एअरप्लेन मोडमध्येही चालतं, आधी नकाशा डाऊनलोड करून ठेवला तर उघड्या डेकवर गेलं की निळा ठिपका बरोबर समुद्रात दिसतो, मुंबईपासून अगत्ती जवळपास ९०० किलोमीटर, मुलाने दर दोन तासांनी वहीत अक्षांश लिहून घेतले. बोट लागल्यानंतर सिरीज त्याने परत उघडली नाही, हे करत बसला.

कधी जावं म्हणाल तर डिसेंबर ते मार्च. पावसाळ्यात अरबी समुद्राचं रूप वेगळं, आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या लोटत नाहीत ते उगाच नाही, सरकारची मासेमारी बंदी पण १ जून ते ३१ जुलै असते. मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळं होऊ शकतात, २०२१ चं तौक्ते मे महिन्यातलंच. शाळेच्या सुट्ट्या बघून मे महिना धरणार असाल तर तारीख बदलून मिळते का ते बुकिंग करतानाच लेखी घ्या. आणि लांबचं झेपेल का शंका असेल तर आधी मुंबई-गोवा करा, एका रात्रीत पोचतं, अंदाज येतो.

घरी आल्यावर पण दीड दिवस हलत होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. ओट्यापाशी भाजी चिरत उभी होते आणि ओटा हळूच डावीकडे गेला. हे होतं, आपोआप जातं, फार दिवस राहिलं तरच डॉक्टरकडे जायचं.

रेटिंग द्यायचं तर जहाजाला पाचपैकी चार, त्यांच्या कर्मचाऱ्यांना पाच, वायफायला दीड, एजंटला शून्य. माझे आईबाबा आता जायचं म्हणतायत, डिसेंबरचं बघतेय, मधल्या भागातली खालच्या डेकची खोली अजून मिळतेय. आणि शुक्रवारी पहाटे काय झालं ते राहिलंच. आम्ही झोपलेलो, सासूबाई एकट्याच वर जाऊन बसल्या होत्या. पाचच्या सुमाराला अलिबागच्या बाजूचे दिवे दिसायला लागल्यावर त्यांनी स्वतः एअरप्लेन मोड काढला, मुलाने शिकवला होता, आणि पनवेलला फोन लावला. पहिल्याच रिंगला नणंदेने उचलला.